एकोणऐंशीची चूक

दुबईतल्या अल कुसैसच्या एका भारतीय शाळेत वासुदेव मोघे सर बारावीला कॅल्क्युलस शिकवायचे, आणि दरवर्षी पहिल्या तासाला न्यूटन-लायब्निझचं भांडण सांगायचे. कॅल्क्युलस आधी कुणी शोधलं यावरून जुंपली, चौकशी समिती बसली, आणि समितीचा अहवाल न्यूटननं गुपचूप स्वतःच लिहून काढला! हे सांगताना सर टेबलावर हात आपटायचे. सांगलीहून शहाऐंशी साली आलेला हा सरळमार्गी माणूस. अन्यायाची त्यांना मनापासून चीड होती, निदान दुसऱ्यांनी केलेल्या.

त्याच शाळेत युसुफ परकार गणित शिकवत. मूळचे खेडचे, राहायला शारजातल्या रोल्लाला. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता दोघं मिळून नवी गणितं रचायचे. अशी दहा वर्षं गेली. कुठलं गणित कुणाचं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. म्हणूनच नव्व्याण्णव साली युसुफनी एकट्याच्या नावावर गाइड छापलं, तेव्हा मोघे सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चोरीची लेखी तक्रार केली.

पुरावाही सापडला. सरांच्या चौऱ्याण्णवच्या वहीत, मागच्या उत्तरांच्या यादीत, पाण्याच्या टाकीच्या गणिताचं उत्तर चुकून ८९ पडलं होतं. खरं उत्तर ७९. युसुफच्या गाइडमध्येही नेमकं ८९! बरोबर उत्तर दोघांचं सारखं येईल, पण चूक कशी सारखी येईल?

"सर, माझी वही तुम्हीच नेली होती ना, चौऱ्याण्णवच्या सुट्टीत?" युसुफ म्हणाले.

"कसली वही? दाखवा."

युसुफची जुनी वही गाइड छापून झाल्यावर घर बदलताना कचऱ्यात गेली होती. आणि सरांना खरंच काही आठवत नव्हतं. नको ते विसरायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

प्रिन्सिपल वैतागले होते. "मोघे साहब, एचओडी तो आप ही हैं. आप ही रिपोर्ट लिख दीजिए, खलास." सरांनी दोन तासांत रिपोर्ट लिहिला. वर्गात आपण दरवर्षी काय सांगतो, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

युसुफची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसा गेला. देश सोडायला तीस दिवस मिळाले.

बाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, सर चाचणीचे मार्क मराठीतून सांगत होते आणि त्यांची मुलगी मिहिका कॉम्प्युटरवर भरत होती. ती दुबईतच जन्मलेली.

"कैवल्य, एकोणऐंशी."

तिनं ८९ टाइप केलं.

"अगं, एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी!"

"ओह. आय थॉट एटी-नाइन, बाबा. ऐंशी ऐकू आलं ना."

सरांना वहीतलं ८९ आठवलं. ही चूक त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. लहानपणी पाढे घोकलेला माणूस एकोणऐंशीला ८९ लिहीत नाही. ती चूक इथं वाढलेल्या पोराचीच, कुणीतरी मराठीतून सांगितलेलं ऐकून लिहिणाऱ्याची. चौऱ्याण्णव साली मिहिका पाच वर्षांची होती. पण युसुफची साजिदा दहावीत होती, आणि बाप मराठीतून सांगायचा ते तीच त्याच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहायची. आता सगळं आठवलं. दोन महिने घरी असलेली ती वही, गोल गोल मुलीचं अक्षर, आणि कंटाळा आला म्हणून न सोडवता जशीच्या तशी उतरून घेतलेली उत्तरं.

आपण चोर आहोत, हे त्यांना लख्ख कळलं. लाजेनं त्यांचे कान तापले. अजून आठ दिवस हातात होते. एक फोन केला असता तर युसुफची नोकरी वाचत होती. आपली मात्र गेली असती.

त्यांनी प्रिन्सिपलच्या घरी फोन लावला.

"हां मोघे साहब, बोलिए."

सरांची नजर समोरच्या मार्कांच्या यादीवर गेली.

"कुछ नहीं सर. प्रीलिम का टाइमटेबल पूछना था."

प्रिन्सिपलनी टाइमटेबल सांगितलं. सरांनी ते एकेक तारीख विचारून नीट लिहून घेतलं.