चित्रातलं काळं

मी जुन्या जालन्यात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करते. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. त्याचा उपयोग एवढाच झाला, की वाढदिवसाच्या बॅनरवर गल्लीतल्या कार्यकर्त्यामागे कुठली आकाशगंगा लावलीय हे मला कळतं. गिऱ्हाइकाला फक्त ‘मागं काहीतरी भारी’ हवं असतं. त्या निमित्ताने मी मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेली चित्रं उतरवून घ्यायचे, आणि आवडली की अण्णांसाठी फोनमध्ये ठेवायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची हयात एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर गेली. लोखंड किती तापलंय हे ते नुसत्या रंगावरून सांगायचे. संध्याकाळचा चहा झाला की माझ्याशेजारी बसायचे आणि म्हणायचे, “दाव आजचं.” ताऱ्यांचा पुंजका उघडला की त्यावर बोट ठेवायचे. “हे पिवळं अजून गरम हाये. हे लाल गार होऊन राह्यलं.” जे पाठ करून मी मार्क मिळवले होते ते त्यांना आपोआप ठाऊक होतं. मला अभिमान वाटायचा आणि थोडा रागही यायचा, कारण मला शिकवायला काही उरायचंच नाही. म्हणून त्यांनी कधी काही विचारलं की मी हुरळून जायचे.

पहिल्यांदा विचारलं ते एका तेजोमेघाच्या चित्रावर. “हे मधीच काळं काय हाये?”

“धूळ आहे अण्णा. मागचे तारे झाकून टाकते.”

काही दिवसांनी गुरूचं चित्र निघालं. “ह्याच्यावर बी काळं हाये.” तिथे खरोखरच काळा ठिपका होता, गुरूच्या एका चंद्राची सावली पडली होती. ते मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मग आपला चंद्र. “डाग दिसून राह्यला.” चंद्रावर डाग असतातच, त्याला कशाला बी.एस्सी. लागते? माझी तिन्ही उत्तरं बरोबर होती. तिन्ही चित्रांत काळं एकाच जागी कसं काय, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

अण्णांना शुगर होती, पण तिचा संशय यायलाही जागा नव्हती. अण्णा एकादशीला दिवसभर ताकावर राहायचे आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासायला जायचे. आकडा अर्थातच बरोबर यायचा. दर वेळी मीच त्यांना गाडीवर घेऊन जायचे आणि आकडा चांगला आला म्हणून खूश होऊन परत यायचे.

मग एक दिवस भर दुपारी ते उभ्या टेम्पोला धडकले.

संभाजीनगरला डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन फोटो लावले. काळ्यावर दोन नारिंगी गोळे. अण्णा मान तिरकी करून पुढे झुकले. “हे कोनचे ग्रह हायेत, माय?”

डॉक्टर हसले. एक गोळा बऱ्यापैकी साफ होता, दुसऱ्यावर लाल शिंतोडे, पिवळे कण, मध्ये गडद डाग. अण्णांनी त्याच्याकडे बोट केलं. “हा भारी हाये. ह्याच्यावर बघन्यासारखं लई हाये.” होताच तो भारी. मी बॅनरवर लावला असता.

तो त्यांचा डावा डोळा होता. शुगरने आत रक्त उतरलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. इंजेक्शनं देऊन बघू, पण फार आशा धरू नका. मग त्यांनी विचारलं, “काळं कधीपासून दिसतंय?”

“दिवाळीच्या आधीपासून. पन ती धूळ व्हती. पोरगी शिकेल हाये माझी, तिला इचारलं व्हतं.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. आता त्यांना दारात उभी असलेली मी कळते, माझा चेहरा कळत नाही. माझं चुकलं असं मी त्यांना दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा ते म्हणाले, “कशापायी?” हा प्रश्नही त्यांनी मलाच विचारावा, याचं मला रडू येतं.

परवा संध्याकाळी ते म्हणाले, “फोनमधले ते फोटू काढून टाक. रिपोर्ट ठेवायला जागा लागंल.” मी काढायला बसले. तेही येऊन शेजारी बसले, फोनकडे तोंड करून. मी एकेक पुसत होते. बरीच पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता कोनतं हाये?”

“शनी.”

“कडी दिसून राह्यली?”

“हो, सगळी.”

ते म्हणाले, “काढ तेबी.”