सुवाच्य प्रत

"अक्षर तुझं, डोकं याचं. काम कसं छान वाटून दिलंय बघ."

सर हसले. वामनही हसला. तो खुर्चीत बसला होता, मी दारापाशी उभा. अमरावतीच्या कॉलेजातली सरांची खोली ती. तिथे आणखी एक खुर्ची होती. तिच्यावर सरांची टोपी ठेवलेली. सरांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे धरला. वामनचा शोधनिबंध. अकोल्याला विद्वानांच्या सभेत तो वाचला जाणार होता आणि त्याची सुवाच्य प्रत मी करून द्यायची होती.

विषय माझा होता.

वऱ्हाडातला भाजीपाला आणि विहिरीचं पाणी. चार महिने आधी मीच तो सरांकडे नेला होता, आराखडा करून. कोणत्या विहिरी पाहायच्या, कोणाला भेटायचं, आधी काय विचारायचं, नंतर काय, सगळं दोन पानांवर. सर पुण्याचे. त्यांनी वाचलं, मान डोलावली. म्हणाले, "विषय उत्तम आहे. पण तू संदर्भ कुठून आणणार? हे वामनला पेलेल." आणि माझी दोन पानं माझ्यासमोर त्याच्या हातात दिली. मी "हो सर" म्हणालो. मूग गिळून बाहेर आलो.

मी जळलो. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू?

वामन वकिलाचा मुलगा. त्याच्या घरी काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट होतं. ते नुसतं बघून माझ्या पोटात दुखायचं. पण त्याहून जास्त दुखायचं त्याच्या टेबलाकडे बघून. मी खोलीवर संत्र्याच्या खोक्यावर लिहायचो. खोक्याच्या फटीत टाक अडकायचा, शाई सांडायची. त्याच्या टेबलावर कोपर टेकवायला जागा होती. माणूस कोपर टेकवून विचार करतो तेव्हा त्याला कसं वाटत असेल, याचाही मला हेवा वाटायचा. वामन वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

निबंधासाठी तो एकदाच आमच्या मळ्यात आला. चांदूर रेल्वेला गाडीतून उतरला, नातेवाइकांकडे जेवला आणि ऊन डोक्यावर आल्यावर छकड्यातून मळ्यात पोहोचला. बैल सोडलेले. मोट विहिरीच्या काठावर लोंबत होती. माझा बाप लिंबाखाली आडवा झाला होता. तोंड उघडं, धोतर गुडघ्याच्या वर.

आमच्याकडे मोट पहाटे जुंपतात. ऊन चढेपर्यंत विहिरीचा तळ दिसू लागतो. मग बैल सोडायचे. झऱ्यांनी विहीर भरायला अख्खी दुपार लागते. तिसऱ्या प्रहरी पुन्हा जुंपायचं, ते दिवेलागणीपर्यंत. तेवढ्या मधल्या वेळात माळी झोपतो. मळ्यातल्या कोणत्याही पोराला हे ठाऊक असतं. वामनला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने विहिरीत डोकावलंही नाही. खिशातलं घड्याळ काढून वेळ लिहून घेतली आणि मला हळूच विचारलं, "हे रोज असेच झोपतात का?"

मी म्हणालो, "हो."

खोटं नव्हतं ते. पण पुढचं एक वाक्य मी बोललो नाही. मला बापाची लाज वाटत होती. त्या उघड्या तोंडाची, त्या गुडघ्यांची. हा लवकर इथून जावा, एवढंच मनात होतं. त्याला चार पेरू दिले आणि छकड्यात बसवून दिलं.

प्रत करताना सातव्या पानावर ते वाक्य आलं. "ऐन दुपारी माळी मोट थांबवून झोपतो; हा पिढीजात आळस हेच येथील बागाइतीच्या मागासलेपणाचे मूळ होय."

खाली मळ्याचं नाव. आमच्या.

मी टाक खाली ठेवला. पुन्हा उचलला. आणि ते वाक्य उतरवलं. गोल, वळणदार, एकही खाडाखोड न करता. का? कारण सर म्हणाले होते, आभारांत तुझंही नाव घालू. मला माझं नाव छापलेलं बघायचं होतं. शेवटच्या पानावर आलो तेव्हा आभारही आले. "सुवाच्य प्रतीबद्दल एका होतकरू माळी विद्यार्थ्याचे आभार." नाव नव्हतं. तेही मीच लिहिलं.

रविवारी कागद घेऊन घरी गेलो. बापाला वाचून दाखवलं. का दाखवलं, ते तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. मला त्याच्या तोंडून वामनला शिवी ऐकायची होती.

बाप मेथीच्या जुड्या बांधत होता. सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसून कागद मागितला. त्याला वाचता येत नव्हतं. नुसता बघत राहिला.

"हे तं तुह्यं अक्षर हाये," तो म्हणाला. संत्र्याच्या खोक्यांवर व्यापाऱ्याचं नाव मीच घालायचो, म्हणून त्याला माझं अक्षर ओळखू यायचं.

"नक्कल हाये, बा. लिवलं त्या वामननं."

"त्याले नसंन मालूम. तुले तं मालूम व्हतं ना, दुपारी इहीर भरून राहिली असते?"

मी खाली पडलेली मेथीची पानं वेचू लागलो.

"मंग काहून लिवलं?"

आवाज चढवला नाही त्याने. पुन्हा मेथी बांधायला लागला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अकोल्याला सर मला घेऊन गेले. कागद सांभाळायला. मी शेवटच्या बाकावर होतो. वामनने निबंध सुरेख वाचला, आवाज खणखणीत. त्या आवाजाचाही मला हेवा वाटला. सातवं पान आलं तेव्हा लोक हसले. टाळ्या झाल्या. मग तेल्हाऱ्याचे एक म्हातारे बागाईतदार उठले.

"दुपारी मोट थांबते म्हनता. पन इहिरीत तवा पानी किती राह्यते, हे पाह्यलं का तुमी?"

वामन पानं उलटायला लागला. माझीच पानं. त्यांत उत्तर नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मला आनंद झाला. लपवत नाही, आनंदच झाला.

सर वळले. भर सभेत माझ्याकडे बोट केलं. "अरे, तू सांग. तुमच्या घरचंच आहे ना? सांग, म्हणजे वामन तळटीप घालेल."

उत्तर जिभेवर होतं. सांगितलं असतं तर तेही वामनच्याच निबंधात गेलं असतं. बापाचा आळस सातव्या पानावर तसाच राहिला असता, आणि खाली बारीक अक्षरात त्याची विहीर.

मी उभा राहिलो. दोन वर्षं सरांसमोर पुस्तकी बोलत आलो होतो. पण त्या दिवशी घरची बोली आली.

"नाई सांगत. ज्याचा निबंध त्याले इचारा. माह्यं फक्त अक्षर हाये."

सर म्हणाले, "बस खाली." मी बसलो नाही. बाहेर पडलो आणि स्टेशनावर आलो. त्या सभेत माझा बाप आळशीच राहिला, हे मला माहीत होतं. गप्प राहून मी त्याला सोडवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर गेलो. सुंभाच्या दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि सोडली. किती गाठी भिजल्या ते लिहिलं. लिंबाची सावली थोडी सरकली की पुन्हा सोडली, पुन्हा लिहिलं. बापाने एक डोळा उघडला.

"काय करून राह्यला?"

"इहीर लिहून राह्यलो."

तो पुन्हा झोपला. मी त्याला झोपू दिलं. आता लाज वाटली नाही.

मग गावातल्या दुसऱ्या विहिरी धरल्या. वामनचा निबंध छापून आला, माझ्या प्रतीवरून जुळवलेला. त्यातलं आळसाच्या वाक्याचं पान मी माझ्या लिहायच्या खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. मी अजून जळतो. जळणं थांबवायचा विचार नाही, त्याच्यावरच हात चालतो.

काल सरांनी शिपायाबरोबर नवा गठ्ठा पाठवला. वामनचा दुसरा निबंध. वर चिठ्ठी: झालं गेलं विसर, प्रत लवकर कर.

गठ्ठा सोडलाही नाही. चिठ्ठीच्या पाठीवर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, खाली बापाच्या नावासकट पूर्ण सही केली आणि शिपायाच्या हाती परत दिलं.

"प्रत होणार नाही. माझा निबंध चालू आहे."