लोरेट पेलकीचा उमेदवार

आमच्या ऑर्नवेल गावात पुढच्या निवडणुकीची चर्चा मागची निवडणूक संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. जिंकलेल्या माणसानं अजून शपथही घेतलेली नसते आणि इकडे दुकानातल्या कॉफीच्या थर्मासपाशी चार वर्षांनी कोण उभं राहणार यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवताना आमच्या न्यू हॅम्पशायर राज्याचं मत सगळ्यांच्या आधी पडतं, त्यामुळे ज्याला म्हणून राष्ट्राध्यक्ष व्हायचंय त्याला आधी आमच्या चिखलात बूट भरवून घ्यावे लागतात. कोणाचे बूट कशापायी भरलेत हे ओळखणं हा आमचा पिढीजात उद्योग आहे.

या उद्योगात लोरेट पेलकीचा हात धरणारं कोणी नव्हतं. छत्तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. गावातलं पन्नाशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या बसमध्ये रडलेलं किंवा ओकलेलं आहे, त्यामुळे तिच्यापुढे कोणी फार शहाणपणा करत नसे. नवरा गेल्यावर तिनं पुढची खोली रिकामी केली, चर्चमधून घडीच्या चाळीस खुर्च्या आणल्या आणि त्या परत काही दिल्या नाहीत. संभाव्य उमेदवार यायचे ते त्या खोलीत. गव्हर्नर आले, सिनेटर आले, एक निवृत्त सेनापती आला आणि तिच्या गुळाच्या पाकातल्या घेवड्याच्या तीन वाट्या खाऊन गेला. लोरेट त्याला दारापर्यंत पोचवून आली आणि म्हणाली, "हा नाही उभा राहत. ज्याला उभं राहायचंय तो एकच वाटी खातो. त्याला पुढच्या घरीही खायचं असतं." आणि खरंच तो राहिला नाही.

तिचे असे पुष्कळ ठोकताळे होते. कोरा चौकड्यांचा सदरा, ज्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत, तो घालून आला तर उभा राहणार. कुत्र्याचं नाव विचारलं तर राहणार. सोबत कोणीतरी मुकाट्यानं वहीत लिहून घेत असेल तर नक्कीच. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे नकार. जो म्हणतो, "छे हो, मी कशालाच उभा नाही, मी आपला लोकांचं ऐकायला आलोय," त्याच्या नावावर खुशाल पैज लावावी. दूरदूरच्या वर्तमानपत्रांतून तिला फोन येत. ती फोन कानाशी धरून घेवडा ढवळायची आणि पुढच्या चार-पाच वर्षांतला देश सांगून मोकळी व्हायची. तिच्या बोलण्याला एक तोरा आला होता, आणि आम्हाला तो आवडायचा. सहाशे वस्तीच्या गावाला दुसरं मिरवायला होतं काय?

मी एकतीस वर्षं इथल्या पोस्टात काढली. माझं नाव एलरी स्टेप. लोरेटच्या शेजारचं घर माझं. मी तिच्या अंदाजांची टर उडवायचो, आणि ती म्हणायची, "एलरी, तुला पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचता येतो. माणूस वाचणं तुझं काम नव्हे."

प्रेस्कॉट वेन नावाचा माणूस आला तो सप्टेंबरात. पन्नाशीचा, उंच, गाडी स्वतः चालवणारा. दुकानात शिरला, सगळ्यांशी हात मिळवले, दुकानदाराच्या कुत्र्याचं नाव विचारलं. चौकड्यांच्या सदऱ्यावर घडी जशीच्या तशी. मागे एक तरुण बाई वही घेऊन. मी तेव्हाच लोरेटकडे पाहिलं. तिचे डोळे असे चमकले होते की मला हसू आवरेना.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नंतर गावानं त्याला खोटारडा ठरवायचा फार प्रयत्न केला. तो खोटं एक अक्षर बोलला नाही. मी पाण्याच्या धंद्यात आहे, कनेटिकटमधल्या कंपनीचा आहे, म्हणाला. सगळ्यांना कार्ड दिलं. आम्ही ते वाचलं आणि खिशात टाकलं. धंदेवाल्यांनी राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहणं आता काही नवलाचं राहिलेलं नाही. लोरेटनं त्याला तिथल्या तिथे घरी बोलावलं.

त्या शनिवारी चाळीसच्या चाळीस खुर्च्या भरल्या आणि काही जण जिन्यावर बसले. वेननं घेवड्याची एकच वाटी खाल्ली. मग लोरेटनं नेहमीचा प्रश्न टाकला, "मिस्टर वेन, आडपडदा कशाला? तुम्ही उभे राहणार का?"

तो गडबडला. मग हसला. "मी? नाही हो, मिसेस पेलकी. मी कशालाच उभा नाही. मला फक्त तुमच्या गावाबद्दल ऐकायचंय."

खोलीभर लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. आमच्याकडे याहून स्वच्छ होकार नसतो.

मग आम्ही बोललो. उमेदवाराशी हातचं राखून बोलायचं नाही, ही इथली रीत आहे. तुमच्या स्वयंपाकघरातलं दुखणं त्याला सांगायचं, म्हणजे उद्या तिकडे मोठ्या खुर्चीत बसल्यावर त्याला ते आठवेल. कोणाची मुलं गाव सोडून गेली, शाळेचं छप्पर कुठे गळतं, सगळं सांगितलं. मीही मागे राहिलो नाही. टेकडीवरचा हायरम लेडूचा झरा भर दुष्काळातही आटत नाही, हे मीच त्याला सांगितलं, मोठ्या फुशारकीनं. आणि लोरेटनं, पाहुण्याला कॉफी ओतता ओतता, हायरमची सगळी कुंडली मांडली. म्हातारा त्र्याऐंशीचा, लग्न केलं नाही, गुडघे गेलेले, एक भाची ती फ्लोरिडात. जमीन विकणार नाही म्हणून सगळ्यांवर डाफरतो. "पण खरं सांगू का, त्याच्या बैलजोड्यांच्या गोष्टी कोणी नीट ऐकून घेतल्या ना, तर अंगावरचा कोटही काढून देईल," असं ती म्हणाली. सगळे हसले. हायरम आला नव्हता. वही घेतलेल्या बाईनं ते लिहून घेतलं.

पुढचे दोन महिने लोरेटचं विमान आकाशात होतं. वर्तमानपत्रवाल्यांना तिनं सांगून टाकलं की एक नवं नाव येतंय, अजून कोणाच्या स्वप्नातही नाही असं. नाव काही फोडलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी हायरमच्या टेकडीवर यंत्रं चढली आणि पाच दिवस, रात्रंदिवस, झऱ्याचं पाणी उपसून पाहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी मर्नाच्या नळातून वारा आला. मर्ना कोट्स ही लोरेटची धाकटी बहीण. टेकडीच्या पायथ्याशी तिच्या सव्वीस शेळ्या आहेत, चीज करून विकते, आणि तिची विहीर त्याच झऱ्याच्या पाण्यावर जगते. ती बादल्या घेऊन लोरेटच्या दारात आली तेव्हा मी तिथेच होतो. हायरम जमीन विकतोय, मर्ना म्हणाली. घेणारी पाण्याची कंपनी. बाटल्या भरून नेणार. आणि सही घ्यायला येतो त्याचं नाव वेन.

लोरेट आधी मानायलाच तयार होईना. म्हणाली, कंपनी असली म्हणून काय झालं, उभा राहण्याआधी माणसं आपला धंदा वाढवतातच. मर्नानं बादली खाली ठेवली.

"लोरी, तो उभा राहू दे नाहीतर झोपू दे. माझ्या शेळ्यांना पाणी नाही."

त्याच आठवड्यात हायरम दुकानात आला. कित्येक वर्षांत मी त्याला इतका टवटवीत पाहिला नव्हता. दाढी केलेली. वेन दर मंगळवारी दुपारी येतो, फोटो बघतो, कुठल्या जत्रेत कुठल्या जोडीनं किती दगड ओढले ते विचारतो, असं तो सांगत होता. लोरेट डबे ठेवायच्या फळीमागे उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिचंच वाक्य होतं ते, आणि त्या माणसानं ते शब्दाबरहुकूम वापरलं होतं.

हायरमनं सही केली, पण व्यवहाराला एकच खोडा होता. टेकडीचा रस्ता गावाचा. पाण्याचे जड ट्रक त्यावरून बारा महिने जाऊ द्यायचे की नाही हे मार्चमधल्या गावसभेत ठरणार होतं. गावानं नाही म्हटलं तर खरेदी रद्द, असं करारातच होतं. कंपनीनं शाळेचं छप्पर घालून द्यायचं कबूल केलं. आणि निम्मं गाव अजूनही कुजबुजत होतं की लोरेटचा अंदाज कधी चुकलाय का, हा माणूस उद्या वर गेला तर ऑर्नवेलला विसरणार नाही. मर्ना दारोदार फिरून आली. जिथे जाईल तिथे तिला बहिणीचंच नाव ऐकवलं गेलं. तिनं लोरेटशी बोलणं टाकलं.

मी लोरेटला म्हटलं, सभेत उठून सांग की चूक झाली. ती माझ्यावर खेकसली, बसमधल्या पोरावर खेकसावं तशी. चाळीस वर्षांत तिला कोणी चुकताना पाहिलं नव्हतं. तेवढीच तिची इस्टेट होती. मला तिची कीव आली आणि रागही आला.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत पावणेदोनशे माणसं जमली. बाहेर बर्फ वितळून चिखलाचा राडा. प्रत्येकाच्या हातात मतासाठी पिवळं कार्ड. ट्रकांचा ठराव आला तसं मर्ना बोलली, आणि तिचा आवाज चिरकला, आणि लोक बुटांकडे बघत राहिले. मागून कोणीतरी सरळ विचारलं, "लोरेट, तूच सांग. तो उभा राहणार की नाही?"

लोरेट उठली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"नाही. मी विचारलं तेव्हाच त्यानं मला सांगितलं होतं, नाही म्हणून. इतकी वर्षं माझ्या घरात जे जे आले, त्यांतला हाच एकटा खरं बोलला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही." कोणी हसलं नाही. ती पुढे म्हणाली, "आणि हायरमला कसं वळवायचं ते मी सांगितलं त्याला. बैलांच्या गोष्टी ऐका, म्हटलं. हसत हसत सांगितलं. हायरम, तुम्ही इथे बसलाय, तुमच्यासमोर सांगते. मर्नाचं पाणी माझ्या तोंडामुळे गेलं. छप्पर आपण आपलं घालू."

ती खाली बसली. मला उठून सांगता आलं असतं की झऱ्याची बढाई मी मारली होती. मी मूग गिळून बसून राहिलो. त्याची लाज अजून वाटते, म्हणून लिहितोय.

कार्डं वर गेली. सभापतींनी दोनदा मोजली. ट्रक नकोत म्हणणारे चौऱ्याण्णव, हवेत म्हणणारे एक्याऐंशी. मर्ना खुर्च्यांतून वाट काढत आली आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडली. पुष्कळ जण लोरेटच्या पाठीवर थोपटून गेले. तिकडे बायकांनी जेवणाची टेबलं मांडायला घेतली.

हायरम कोटांच्या खुंट्यांपाशी एकटाच होता. त्याला बाही सापडत नव्हती. लोरेट पुढे झाली, कोट धरला आणि म्हणाली, "हायरम, मला माफ करा. तो तुम्हाला फसवत होता."

"फसवत कुठे होता?" हायरम म्हणाला. त्याला राग आलेला दिसत नव्हता. "मला काय कळत नव्हतं, कशासाठी येतो ते? तू सांगितलंस हे नव्हतं ठाऊक. पण झऱ्यासाठी येतोय हे पहिल्या मंगळवारीच कळलं."

"मग सही का केलीत?"

त्यानं दुसरी बाही घातली, एकेक बटण लावलं.

"येत होता, लोरेट. तुझं घर माझ्यापासून पाऊण मैल आहे. बैलांच्या गोष्टी मला आवडतात हे तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं."

जेवायला थांबा, असं ती म्हणाली. आज मंगळवार, हायरम म्हणाला, पण आता काही वेन यायचा नाही. आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरला. तो रस्त्याला लागेपर्यंत मी आणि लोरेट दारात उभे राहिलो.