मटिल्डाचं माहेरचं नाव

कंपाउंडरकाकांइतका रागीट माणूस मंगरूळपिरात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका फुकट रागावणारा तर अख्ख्या वऱ्हाडात नसेल. त्यांचं स्वतःचं कुणी काही बिघडवलं तर ते हसून सोडून देत. पण कुणी मुलीचं नाव नकुशी ठेवलं असं कळलं की त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईने आपलं नाव धोंडी सांगितलं, की बाटली हातातच ठेवून तिच्या बापाचा उद्धार सुरू. "तुह्या बापाले दुसरं काही सुचलं नाही काय वं?" ती बिचारी खोकत उभी!

या रागाचं मूळ दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाई, मटिल्डाबाई. त्यांनी एकदा सहज आपल्या नावाचा अर्थ सांगितला आणि काका कामातून गेले. जुन्या जर्मन बोलीतले दोन शब्द, एक बळ आणि दुसरा लढाई. त्या नावाच्या एका राणीने शेकडो वर्षांमागे इंग्लंडच्या गादीसाठी आपल्या आतेभावाशी युद्ध मांडलं आणि वेढा पडला तेव्हा पांढरे कपडे घालून बर्फावरून निसटली. मंगरूळपिरात बर्फ कुणी पाहिलं नव्हतं, पण दर्ग्यासमोरच्या बांगडीवाल्या चाचांपासून भाजी विकणाऱ्या माळणींपर्यंत सगळ्यांना ही हकीकत तोंडपाठ होती. काकांनी लेकीचं नाव ठेवलं रणबला. काकू तिला बाळी म्हणत, तर तेवढ्यावरूनही भांडण.

रणबलेचं लग्न शेलूबाजारला ठरलं. सासरच्यांनी तिचं नाव लक्ष्मी ठेवायचं ठरवलं होतं. ताटातल्या तांदळात नवरदेव अंगठीने ते काढू लागला, तसा काकांनी त्याचा हातच धरला. "माह्या पोरीचं नाव बदलाले ती काय बाजारातून आनलेली गाय हाये?" व्याही ताडकन उठले. लग्न मोडतं की काय, अशी वेळ आली. नवरी मान खाली घालून रडत होती. काकांनी पुढच्या खुर्चीवरच्या मटिल्डाबाईंनाच साक्षीला ओढलं. "बाई, तुमीच सांगा यायले! तुमच्या राण्यायची नावं कोनी बदलली काय?"

बाईंना खोटं बोलता येत नसे, एवढा एकच त्यांचा दोष. "त्या लढाईवाल्या राणीची आई होती ना," त्या म्हणाल्या, "तिचं माहेरचं नाव दुसरं होतं. सासरच्या लोकांना ते पसंत नव्हतं. लग्नात तिला मटिल्डा केलं. तेच मग मुलीला दिलं."

सगळा मांडव हसला. काकांचा हात आपोआप सुटला आणि तांदळात लक्ष्मी उमटली. त्या हसण्याची मला अजून चीड येते. एवढे राजवाडे, एवढ्या लढाया, आणि शेवटी तिकडेही तेच!

वरात गेल्यावर काका सतरंज्या गुंडाळणाऱ्या आम्हा शेजाऱ्यांवरच ओरडत सुटले. "राणीच्या मायचं नाव बदललं, तं तिच्या मायबापानं काहून ऐकून घेतलं? अन् त्या राजाले तरी तिचं खरं नाव याद असन काय?"

काकू भांडी गोळा करत होत्या. आम्ही त्यांना रमाकाकू म्हणून ओळखायचो. ते रमा हे नाव काकांनीच लग्नात काढलेलं. हातातलं पातेलं खाली ठेवून त्यांनी विचारलं, "माहं काय व्हतं?"

काकांनी तोंड उघडलं, आणि त्यांना काही केल्या आठवेना.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "माय व्हती तवर हाक मारे त्या नावानं."

त्यानंतर काकांनी राणीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. संध्याकाळी ते ओट्यावर काकूंजवळ बसून हळू आवाजात काहीतरी विचारताना दिसत, आणि काकू तांदूळ निवडत नुसती नकाराची मान हलवत. पुढे त्यांनी ते नाव सांगितलं की नाही, देव जाणे. आम्हाला ते कधी ऐकू आलं नाही.