अक्काच्या अंगठ्याची दोरी

आमच्या शेवंतीअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते पायाच्या अंगठ्यापासून. लग्न होऊन कापडे गावातल्या सासरच्या घरात आले आणि तिसऱ्याच दिवशी नवऱ्याने मला पोलादपूरला, स्टँडजवळच्या आमच्या खानावळीत आणून उभं केलं. नव्या नवरीची मान खाली, त्यामुळे आधी दिसला तो पाय. लांब सोडलेला उजवा पाय, अंगठ्याला सुती दोरी, दोरीच्या टोकाला पाळणा आणि पाळण्यात तिचा सहा महिन्यांचा सुरेश. पाय हलत होता. नजर वर नेली तर दोन चुली, दोन तवे, हातांवर तिसरी भाकरी, आणि तोंडाने ती एका एस.टी. ड्रायव्हरला समजावत होती की मेहुणीला आलेलं स्थळ काही बरं नाही. ही माझी थोरली जाऊ. मी पाया पडले, तेव्हाही तिने पाय थांबवला नाही. माझाच हात दोरीबरोबर मागेपुढे झाला.

त्याच दुपारी तिने मला चुलीपुढे बसवलं आणि दोरी माझ्या अंगठ्याला बांधली. पाय हलला की माझा हात थांबायचा, हात चालला की पाय. भाकरी करपली, पोर रडायला लागलं. अक्का रागावली नाही. बाजारात वांगं दाबून बघावं आणि परत टोपलीत टाकावं, तशी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यात एकच बाई हाय गो. माझ्यात चार हायत. तू आपली तांदूळ निवड."

निवडायला बसले ती पस्तीस वर्षं बसले.

खोटं कशाला बोलू, तिचं काम बघत राहावं असंच होतं. महाबळेश्वरहून घाट उतरून आलेली माणसं जेवण झालं तरी उठायची नाहीत. एकदा पाचजणांनी ठरवून एकदम पाच तऱ्हेची फर्माईश केली. कुणाला भाकरी जाड, कुणाला कालवण बिनतिखट, कुणाला नुसता भात. अक्काने मान वर केली नाही. पाचही ताटं बरोब्बर पाच जणांपुढे गेली आणि वर त्यातल्या एकाला ती म्हणाली की बाबा, तुझी गाडी सुटतेय, हॉर्न दोनदा वाजला. त्याला स्वतःला ऐकू आला नव्हता.

लोक विचारायचे, अक्का, हे शिकलात कुठे? ती म्हणायची, "शिकून येतं काय हे? मांजरीला झाडावर चढायचा क्लास लावलान काय कुणी? जलमाचं असतं. असलं तर असलं, नसलं तर ही बघा." आणि माझ्याकडे बोट. मग ती माझी नक्कल करायची. जीभ दातात धरून, डोळे सुपात रुतवून, एकेक खडा असा उचलायची की जणू बगळा मासा टिपतोय. गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचे. न हसून काय करते? एकदाच मी म्हटलं होतं की अक्का, सवयीने येत असेल. त्यावर ती आठ दिवस मला 'मास्तरीण' म्हणत होती.

सुरेश दोरीवरच वाढला. मोठा झाला, त्याने टेंपो घेतला, आणि सव गावची मंदा सून म्हणून आली. शांत पोर. एक काम हातात घेतलं की त्यातच. तिची भाकरी अशी फुगायची की अक्काच्या भाकरीने लाजावं. मला वाटतं, तेच अक्काला खुपलं. मंदाला मुलगी झाली, चिंगी, आणि पाळणा पुन्हा टांगला गेला. अक्काने दोरी सुनेच्या अंगठ्याला बांधली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. "हिच्यात तर एक पण पुरी नाय," अक्का गिऱ्हाइकांना सांगायची, "पाऊण हाय."

भाद्रपदात एके दिवशी तिने भर खानावळीत निकाल सांगितला. दसऱ्यापर्यंत मंदाला दोन तवे आणि पाळणा जमला तर ठीक. नाहीतर तिने कापड्याच्या घरी जाऊन भात आणि गवत बघायचं. पोरगी इथे राहील. चिंगी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. मंदाने सुरेशकडे पाहिलं. सुरेशने खांद्याने फोन कानाशी दाबून धरला होता, एका हाताने जेवत होता, दुसऱ्या हाताने पावती लिहीत होता. म्हणाला, "आई बोलते ते बरोबरच असेल ना." हे बायकोला बोलला की फोनवरच्या माणसाला, तेही धड कळलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी गर्दी ओसरली की मंदा पाळण्यात वरवंटा ठेवायची, वरून चिंगीचं दुपटं घालायची, दोरी अंगठ्याला बांधायची आणि रिकामे तवे पुढ्यात घेऊन हवेत भाकऱ्या थापायची. मी निवडता निवडता बघायचे. ओठ हलायचे तिचे; पाय, हात, पाय, हात, असं मोजायची. पंधरा दिवसांत तिच्या अंगठ्याला दोरीचा वळ पडला. जमलं मात्र नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी आंबेनळी घाटात दरड आली आणि वर जाणाऱ्या सगळ्या गाड्या पोलादपुरात अडकल्या. खानावळीत पाय ठेवायला जागा नाही. अक्का खुशीत होती. दोरी आपल्या अंगठ्याला बांधून मंदाला शेजारी बसवली, एक तवा तिला दिला आणि म्हणाली, "बघ. मग बोलू नको, दाखवलं नाय म्हणून." साठी उलटलेली बाई, पण काय चालत होती! दोन कालवणं, तवा, पाळणा, चाळीस माणसांशी बोलणं. मध्येच वास आला. अक्का मंदावर खेकसली, "करपवलीस ना भाकरी?"

मंदा हळूच म्हणाली, "नाय आत्या. भाकरी बरी हाय."

"माझं नाक खोटं काय? आईने तुला नाक पण दिलान नाय?" लोक हसले. अक्का तिच्या माहेरावर घसरली. वास वाढतच होता. मंदाने भाकरी उचलून दोन्ही बाजूंनी दाखवली, पांढरीशुभ्र. तेव्हा मी खाली बघितलं. लाकूड ओढताना निखारा निसटून अक्काच्या अंगठ्याशी येऊन बसला होता. दोरी काळी पडली होती, कातडी तडतडत होती, आणि पाय आपला हलत होता. पाळणा झुलत होता. तिला काहीच लागत नव्हतं. शुगरने पाय कधीच मेला होता, आणि चार कामांच्या नादात ते तिला कळलंच नव्हतं.

महाडच्या दवाखान्यात आधी अंगठा गेला. महिन्याने गुडघ्याखालचा पाय. डॉक्टर सुरेशला विचारत होते की कापायचा का, सही कोण करणार. सुरेश फोनवर विटांची खेप ठरवत होता. एका हाताने फोन झाकून म्हणाला, "कापा," आणि सही करता करता पुन्हा विटांवर गेला. लोक म्हणतात, आईवर गेलाय. हे त्याला रक्तातून आलं की दोरीतून, ते मला अजून ठरवता येत नाही.

मंदाला मग कापड्याला कोण धाडणार? खानावळ तिच्याच हाती आली. तिने पाळणा उतरवून चिंगीला पाठीशी बांधलं आणि एका तव्यावर आपल्या चालीने भाकऱ्या करायला लागली. भाकरी करताना बोलायची नाही, वाढताना चुलीकडे बघायची नाही. निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या हॉटेलात गेली, निम्मी थांबायला शिकली. अक्का कोपऱ्यातल्या खाटेवरून सगळं बघायची. नसलेला पाय हलतोय म्हणायची. "थांबव गो कुणीतरी, दमले मी." काय थांबवणार? तिथे गोधडी होती नुसती.

एकदा दुपारी आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं. खरं सांग अक्का, जन्माचंच होतं? तिने गोधडी सारखी केली. मग म्हणाली, सातव्या वर्षी सावत्र आईने चुलीपुढे बसवलं, दोन धाकटी भावंडं पाळण्यात. पोर रडलं की तापलेलं उलथणं दंडावर, भाकरी करपली की दुसऱ्या दंडावर. वर्षभरात सगळं जमायला लागलं.

"मग जलमाचं म्हणून का सांगायचीस?"

"मार खाऊन शिकले, असं सांगू गिऱ्हाइकांना?" ती म्हणाली. वर मलाच विचारलं, "मी मंदीला कधी चटका दिला काय? दिला नाय ना?"

तिला ते उपकार वाटत होते.

माघात ती गेली. सकाळची वेळ, मंदा भाकऱ्यांना बसलेली, मी खाटेशेजारी सूप मांडीवर घेऊन. अक्काने पाणी मागितलं. मंदाने मान वर केली नाही. तव्यावर भाकरी होती. ती झाली, मग पुढची. अक्काने मग माझं नाव घेतलं, "सुमन, पाणी." पस्तीस वर्षांत तिने मला गो सोडून नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. मी म्हटलं, एवढं सूप होऊ दे अक्का. तिने पुन्हा मागितलं नाही. सूप संपवून मी उठले, तेव्हा ती संपली होती.

दिवसकार्याला माणसं आली. चार बायकांचं काम एकटी करायची हो, म्हणून हळहळली. कुणी मला विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? मी म्हटलं, मीच होते, पण मला मेलीला एका वेळी दोन कामं येत नाहीत, सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाण्याचा तांब्या माझ्या शेजारीच होता. तांदूळ मी उजव्या हाताने निवडते. डावा हात मोकळा होता.