मोटर खोलली, गाणं चालूच

आमच्या नळावरची मोटर मी जावयाच्या गाण्यामुळं खोलली. तेव्हा तो जावई झालेला नव्हता, आणि माझ्या कृपेनं तो होता होता राहणार होता.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे ही मस्ती आली कुठनं ते कळेल. मी मेंटेनन्सचा माणूस. सगळी उमर मशिनींत गेली, आधी वाळूजला आणि आता शेंद्र्याला. पेचकसाचं टोक मशिनीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, मागच्या बाजूचं बेअरिंग गेलं. खोललं की तेच निघतं! कंपनीत नवीन आलेले इंजिनिअर बघायला गोळा होतात. (त्यातला एकजण मला डॉक्टर म्हणायचा. त्याच्या चहाचे पैसे मीच द्यायचो.) आता ही विद्या कंपनीच्या गेटात ठेवून घरी यावं ना? तेवढी अक्कल नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मिक्सर, कूलर, शिलाई मशीन, काहीही कुरकुरलं की लोक मला बोलावतात आणि मी जातो. न बोलावताही जातो. मेव्हण्याच्या कोऱ्या गाडीत बसल्या बसल्या मी त्याला म्हणालो होतो, गिअरबॉक्स ऐकलास का? तेव्हापासून तो मला गाडीत घेत नाही.

तर आमची प्रांजल. नोकरीला पुण्यात. तिथं तिनं अभिषेक नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा कॉम्प्युटरमधला, पगार बरा, बोलायला नम्र, आमच्याच समाजातला, आईबाप नांदेडचे. मंगल, म्हणजे माझी बायको, खोट शोधून शोधून थकली. शेवटी प्रांजलनंच ती सांगून टाकली.

"पप्पा, तो गाणं पण करतो."

"गातो?"

"गात नाही. करतो. जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र. प्रायोगिक असतं ते."

मी विचारलं, मग प्रयोग यशस्वी झाला का. ती हसली नाही. म्हणाली, नवीन गाणं वीस-पंचवीस मिनिटांचं आहे (आमच्याकडं तेवढ्यात लग्न लागून पहिली पंगत बसते), त्यावर तो वर्षभर राबलाय, आणि त्याच्या घरी ते कुणी ऐकत नाही. बाप तर सुरू झालं की उठून जातो. रविवारी ती सगळी मंडळी, मामा-मावशी धरून दहा-बाराजण, बोलणीला आमच्याकडं येणार होती. त्याआधी मी ते गाणं एकदा पूर्ण ऐकावं आणि जे वाटेल ते अभिषेकला तोंडावर सांगावं, एवढीच पोरीची मागणी. खोटं कौतुक करायचं नाही, त्याला लगेच कळतं, असंही बजावलं. पोरगी कधी काही मागत नाही हो. मी कबूल केलं.

आता पाण्याचं सांगतो. दुसऱ्या शहरांत पाणी असतं. आमच्याकडं ते येतं. पाच-सहा दिवसांनी, जेमतेम अर्धा तास, आणि येतं तेव्हा घरात कुणालाही आजारी, झोपलेलं किंवा रुसलेलं राहायची परवानगी नसते. प्रेशर असं की बादलीचा तळ ओला होईस्तोवर पाणी जायची वेळ होते. म्हणून नळाला मोटर. (नळाला थेट मोटर लावायला बंदी आहे. त्यामुळं आमच्या गल्लीत ती कुणीच लावत नाही. पाणी आलं की घराघरातनं एकदम जो घूंऽ असा आवाज निघतो, तो भक्तिभावाचा असावा.)

त्या आठवड्यात पाण्याचा वार होता शनिवार. शनिवारी हौद भरला तर रविवारचा स्वयंपाक, पाहुण्यांचे हातपाय, भांडी, सगळं निभावणार. हुकला, तर गुरुवारपर्यंत हौदात फक्त पाली. मंगलनं गुलमंडीतनं खास पाहुण्यांसाठी नवे नॅपकिन आणले होते आणि सकाळपासून हौद घासून ती तयार बसली होती. पोरीचं लग्न ठरायचं होतं, पहिल्या भेटीत घराची शोभा व्हायला नको, एवढंच तिच्या डोक्यात.

सुट्टीवर आलेली प्रांजल मला म्हणाली, "पप्पा, पाणी भरतानाच तुम्ही एका जागी उभे असता. तेव्हा मागच्या खिडकीत स्पीकर ठेवून गाणं लावते." मी बरं म्हणालो, पण जीव सगळा गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये अडकलेला. तेवढ्यात ग्रुपवर पडलं, 'आलं'. मी मागच्या बोळात धावलो, बटण दाबलं, मोटरीनं पाणी पकडलं, हौदात धार पडायला लागली. मायलेकी आत पिंपं लावायला गेल्या.

गाणं काही लागेना. मला वाटलं, कामाच्या गडबडीत विसरली पोरगी. लागलं असतं तर कळलंच असतं ना! पेटी वाजते, ढोलकी वाजते, कुणीतरी तोंड उघडतं. तसलं काही नाही. नुसती मोटर चालू होती, आणि त्या मोटरीचं काहीतरी बिनसलं होतं.

सुरुवातीला फक्त घरघर. मग तिच्यात बारीक कर्रर्र. मग टक्, टक्, आणि जरा दम खाऊन टक्टक्. मी म्हणालो, बेअरिंग! पण लगेच हात घालणाऱ्यातला मी नव्हे. पेचकस काढला, टोक मोटरीला, मूठ उजव्या कानाला. डावा कान खिडकीकडं. आता पत्र्यावर केरसुणी फिरवावी तसं सुऽस सुऽस ऐकू यायला लागलं. म्हणजे आत रेती गेलेली. खालनं धुम धुम धुम, म्हणजे बोल्टही ढिले. आणि मग सर्दी झालेल्या रेड्यानं हंबरावं तसा एक आवाज निघाला, चढत चढत गेला आणि वर जाऊन फाटला. (हा सॅक्सोफोन. आज सांगतो. तेव्हा मी ठरवलं की मोटर हवा ओढतेय.) एकाच मशिनीला एका वेळी इतकी दुखणी मी जन्मात पाहिली नव्हती. अशीच चालू ठेवली असती तर वाइंडिंग जळालं असतं, आणि मग आजचंही पाणी गेलं, पुढचंही. मन घट्ट करून मी बटण बंद केलं.

आणि आवाज थांबला!

आता माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. बटण बंद, आवाज बंद. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोर्टातही मागत नाहीत. (गाण्यातली ती शांतता होती. मधे चार-पाच मिनिटं जवळपास काहीच वाजत नाही. प्रांजलनं नंतर समजावलं की गाण्याचा सगळा जीव तिथंच आहे.) माझे हात सवयीचे. पंख्याचं झाकण काढलं, पाना लावला, मोटर भराभरा सुटी करून गोणपाटावर मांडली. बेअरिंग बोटावर फिरवून बघितलं. झकास फिरलं. रेतीचा कण नाही. मी चक्रावून बसलो होतो, आणि गोणपाटावर तुकडे होऊन पडलेली ती मोटर पुन्हा घरघरायला लागली.

अंगावर काटा आला. मग माझ्या सुपीक डोक्यात उजेड पडला. आवाज आपल्या मोटरीचा नव्हताच! तो भिंतीपलीकडनं, सलीमभाईंच्या मोटरीचा होता.

सलीमभाई आमचे शेजारी. शांत माणूस, शिलाईकाम करतात, आणि माझ्या कानावर माझ्यापेक्षा त्यांचा भरवसा जास्त. मी भिंतीवरनं हाक मारून त्यांना मोटर बंद करायला सांगितली. ते म्हणाले, हौद आधा भी नहीं हुआ. मी म्हणालो, बेअरिंग गेलंय तुमचं, मी काय उगाच सांगतोय का? बिचाऱ्यांनी बंद केली. गल्लीत अशी इज्जत होती माझी. (होती.) रेडा मात्र हंबरतच राहिला. आता तर दोन रेडे झाले. तरी माझी ट्यूब पेटेना! मी तिसऱ्या घराकडं निघालो, तेव्हा सलीमभाईंनी भिंतीवर हनुवटी टेकवली आणि अगदी हळू म्हणाले, "भाईसाब, आवाज तो तुम्हारी खिडकी से आ रा."

मी वर बघितलं. खिडकीत डब्याएवढा काळा स्पीकर. त्याच्या बाजूला प्रांजल, ओल्या हातांनी, चेहरा फुललेला.

"पप्पा, नीट ऐकू यावं म्हणून तुम्ही मोटर बंद केलीत?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवशी घरात आलेलं पाणी जवळपास तेवढंच. कारण त्याच वेळी ग्रुपवर पडलं, 'गेलं'.

खोटं बोलायची सोय होती, पण गोणपाट समोर होतं. मंगल बाहेर आली, तिनं हौदात वाकून बघितलं, गोणपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. भिंतीपलीकडनं सलीमभाईंच्या बेगम काहीतरी बोलत होत्या. मला ते शब्दन् शब्द कळलं आणि इथं लिहिण्यासारखं नाही. मंगल ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या पाहुण्यांना कारण तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं." प्रांजलनं खिडकी ओढून घेतली. मला त्याचंच जास्त लागलं.

टँकरवाला सोमवारच्या आधी येईना. मग थंड पाण्याचे जार मागवले. रविवारी नांदेडची मंडळी आली, जय भीम झाला, आणि जानेवारीच्या सकाळी मी पाहुण्यांच्या हातांवर बर्फागत पाणी ओतलं. अभिषेकच्या आईनं हात झटकत विचारलं, पाणी लई गार आहे हो तुमच्याकडं? मंगलनं माझ्याकडं बघितलं.

मी उभा राहिलो. कंपनीत अपघाताची चौकशी होते तेव्हा उभा राहतो तसाच. सांगितलं, अभिषेकराव, तुमचं गाणं लागलं होतं, पण ते गाणं आहे हेच मला कळलं नाही. मला वाटलं मोटर गेली. मी ती खोलली, शेजाऱ्यांचीही बंद करवली, म्हणून आज हे जारचं पाणी. कुणी हसलं नाही. प्रांजल फरशीकडं बघत होती. मला वाटलं, संपलं. पोरीचं लग्न मी पेचकसानं मोडलं.

अभिषेकनं कप खाली ठेवला. "काका, बेअरिंग नेमकं कुठं वाटलं?"

मी सांगितलं. आधी घरघर, मग कर्रर्र, मग टक्, आणि दम खाऊन टक्टक्. मग रेती, मग ढिले बोल्ट, मग रेडा, मग शांतता, मग दोन रेडे. तो ऐकत गेला, आणि मग बापाकडं वळून म्हणाला, "बघा बाबा. यांनी शेवटपर्यंत ऐकलंय." प्रांजलनं मान वर केली.

त्याचे वडील शाळेतनं रिटायर झालेले हेडमास्तर. ते म्हणाले, "मी फ्रिजवाल्याला बोलावलं होतं."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी चष्मा पुसला. दिवाळीला अभिषेक घरी येऊन खोलीत काहीतरी वाजवत बसलेला, आणि यांना वाटलं फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. मेकॅनिक म्हणाला फ्रिज ठणठणीत आहे, तर यांनी मेकॅनिक बदलला. शेवटी फ्रिजच बदलला.

"म्हणजे माझा फ्रिज चांगला होता?" अभिषेकची आई म्हणाली.

पुढं बोलणीत पुरुषांना काही काम उरलं नाही. ती उठली आणि तडक मंगलकडं स्वयंपाकघरात गेली. दोघी आत अर्धा तास आपापल्या नवऱ्यांवर बोलल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा एकमेकींच्या विहीणबाई झाल्या होत्या. तारीखही काढून आणली होती. निघताना अभिषेक माझ्याजवळ येऊन म्हणाला, काका, पुढचं गाणं पहिल्यांदा तुम्हालाच पाठवतो. मला भरून आलं. मी ठरवलं, आता हे शिकायचंच. कंपनीच्या बसमध्ये कानात घालून रोज ऐकायला लागलो, आणि खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी तो रेडा कधी येतो याची वाट बघायला लागलो.

गुरुवारी पाणी आलं. मी सेकंड शिफ्टला, म्हणून सकाळी घरी. अभिषेकनं सकाळीच नवीन तुकडा पाठवला होता, खिडकीत स्पीकरही दिसत होता. मोटर लावली. आणि सुरू झालं! घरघर, कर्रर्र, टक्, टक्. मी मनात म्हणालो, आहा, मंगलनं आठवणीनं लावलं. या वेळी मी फसणारा नव्हतो. भिंतीला टेकलो, डोळे मिटले, पायानं ठेका धरला. सलीमभाईंनी पलीकडनं विचारलं, भाईसाब, मोटर ठीक है ना? मी हातानंच त्यांना गप्प केलं आणि म्हणालो, जावईबापूंचं आहे, ऐका. (स्पीकर बंद होता. आणि शनिवारी घाईनं मोटर जोडताना एक वॉशर हातात उरला होता, तो मला जास्तीचा वाटला होता.) या खेपेला त्याला सूर सापडला होता, खरंच सांगतो. धूर नाकात जाईपर्यंत मी वाहवा म्हणत होतो.