ओळ उचलणारे गोविंदराव

गोविंदराव उदगीरकर गेल्याच्या बातमीला मी ‘अप्रतिम! निःशब्द केलंत. अजून येऊ द्या,’ असं उत्तर पाठवलं.

त्याखाली ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ हेही होतं. ही सगळी दाद मी कॉम्प्युटरवर आधीच टाइप करून ठेवलेली असे, आणि आमच्या कवितांच्या ई-मेल गटावर ज्या ज्या कविता येतील त्यांच्याखाली एकेक चिकटवत जात असे. गटाचं नाव इथे देत नाही. त्यातले निम्मे लोक ही पुरवणी वाचतात आणि उरलेले निम्मे तीत लिहितात. तर त्या रविवारी गोविंदरावांच्या मुलाचा, शेखरचा, डॅलसहून गटाला मेल आला होता. बिचाऱ्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, एकेका ओळीवर एकेक वाक्य. बाबा पहाटे गेले. झोपेतच. मला पोचता येत नाही. ताई सगळं बघते आहे. आज दुपारी चारला, अंबरपेठ. आखूड आखूड ओळी, उजवीकडे मोकळी जागा… मला वाटलं, कविता. वाचली असती तर कळलं असतं, पण वाचायची आमच्यात पद्धत नव्हती. माझी दाद बघून मागोमाग बाकीचेही आले. एकाने ‘संयत’ म्हटलं. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, ‘अंबरपेठ… आभाळाची पेठ! काय प्रतिमा आहे!’ अंबरपेठला आमच्याकडे स्मशान आहे.

इकडे गोविंदरावांच्या पत्नी कमलवहिनी सकाळपासून माझ्या घरी फोन लावत होत्या आणि फोन एंगेज लागत होता. त्या वेळी नेट टेलिफोनच्याच तारेतून यायचं. दुकान बंद, बायको माहेरी, म्हणून मी दिवसभर त्या तारेला लोंबकळून लोकांना वा वा वाटत बसलो होतो. संध्याकाळी नेट तुटलं आणि लगेच फोन वाजला. गोविंदरावांची मुलगी बोलत होती. “काका, आई म्हणत होती तुम्ही आल्याशिवाय बाबांना न्यायचं नाही. थांबलो थोडा वेळ. मग भटजी घाई करायला लागले…” पुढचं मला ऐकू आलं नाही. स्वतःची शिसारी येणं म्हणजे काय, हे मी अनेक कवितांत लिहिलं होतं. त्या दिवशी ती खरीच आली आणि एक शब्द सुचला नाही.

गोविंदरावांची आणि माझी ओळख कोजागिरीच्या कविसंमेलनात झाली. हैदराबादेतली मराठी मंडळी वर्षातून एकदा आटीव दूध प्यायला जमतात, आणि दूध आटेपर्यंत कविता ऐकून घेतात. मी बेगम बाजारातला भांड्यांचा घाऊक व्यापारी. वडील बीदरकडची शेती भावांवर सोडून इथे आले आणि मी गल्ल्यावर बसून कवी झालो. माझी कविता संपली तेव्हा सगळा हॉल वा वा म्हणाला, पण पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ नुसते बघत राहिले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, काचीगुड्याला राहणारे, एवढं कुणीतरी सांगितलं. मी दुधाचा पेला घेऊन त्यांच्याकडेच गेलो. “कशी वाटली?”

“माइक छान होता,” गोविंदराव म्हणाले.

दुसऱ्याने आयुष्यभर तोंड पाहिलं नसतं. मी मात्र त्यांना दुकानावर चहाला बोलावलं. माझी समजूत अशी की दोनचार कविता आणखी ऐकल्या की माणूस सुधारेल. ते आले, स्टुलावर बसले आणि पुढची कितीतरी वर्षं येत राहिले. त्यांचं शिक्षण जुन्या राजवटीत उर्दूत सुरू झालेलं. वडिलांचं बोट धरून लहानपणी मुशायऱ्यांना जायचे. त्यांनीच मला सांगितलं की तिथे शायर पहिली ओळ म्हणतो आणि जरा थांबतो. ओळ आवडली तर समोरचे लोक ती जशीच्या तशी परत म्हणतात. याला मिसरा, म्हणजे ओळ, उचलणं म्हणतात. “वा काय, झोपेतसुद्धा म्हणता येतं पाटील. ओळ उचलायची तर ती ऐकलेली लागते.” कुणीच उचलली नाही तर शायर मुकाट्याने पुढे जातो आणि घरी जाऊन विचार करतो. हा घरी जाऊन विचार करण्याचा भाग मला कधी जमला नाही. मी दर आठवड्याला एक कविता त्यांच्यापुढे वाचायचो, ओळीओळीला थांबायचो, आणि ते शांतपणे चहा प्यायचे. फार पिच्छा पुरवला तर म्हणायचे, “बघू.” या माणसाने माझी एक ओळ, एकच, उचलावी यासाठी मी जे जे केलं ते गिऱ्हाईक पटवण्यासाठीही कधी केलं नाही.

गटावर त्यांना मीच नेलं. त्यांच्या घरात मराठी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. शेखर सॉफ्टवेअरचा कोर्स करून अमेरिकेला गेलेला, मुलीची मुलं सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत. आजोबांनी मराठी पुस्तक पुढे केलं की नातू म्हणायचा, “आजोबा, तुम वाच के सुनाओ ना, ये लिखा हुआ मेरेकू नै आता.” म्हणून जगभरची मराठी माणसं रोज कविता लिहून एकमेकांना पाठवतात हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. नामपल्ली स्टेशनसमोर खालिदभाईंचं नेट कॅफे होतं. प्लायवुडच्या खोपट्यांत पोरं व्हिसाचे फॉर्म भरत असायची, आणि एका खोपट्यात गोविंदराव चष्मा कपाळावर चढवून लोकांच्या कविता वाचायचे. खरोखर वाचायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खालिदभाई बाहेरून ओरडायचे, “साब, टाइम हो गया!” आतून उत्तर यायचं, “ठैरो मियाँ, एक मिसरा उठा को आता हूँ.”

कविता वाचून झाली की त्यातली जिवंत वाटलेली ओळ ते एका बोटाने टाइप करून कवीला परत पाठवायचे. बस, तेवढंच. ओळ सापडली नाही तर लिहायचे, ‘उचलण्यासारखी ओळ मिळाली नाही. पुन्हा वाचेन.’ सोलापूरच्या एका बँकेतल्या बाईंच्या लांबलचक कवितेतून त्यांनी एक ओळ काढली होती: ‘माहेरचा फोन आला की मी आधी टीव्ही बंद करते.’ बाकीची कविता चंद्र, प्राजक्त आणि अश्रूंची. ही ओळ ते माझ्या दुकानात आठवडाभर म्हणत होते. त्या बाईंनी त्यांना कळवलं की इतकी वर्षं सगळे छान म्हणतात, पण कुठली ओळ छान हे कुणी पहिल्यांदाच सांगितलं.

बाकीच्यांना मात्र ते झोंबलं. गटाचा कारभार सरळ होता. तू माझ्या कवितेला वा म्हण, मी तुझ्या कवितेला म्हणतो, आणि दोघांपैकी कुणी आधी वाचायची भानगड केली तर तो शिष्ट. गोविंदराव एकदा स्टुलावर बसून खिन्नपणे म्हणाले, “पाटील, हा बाजार तुम्हालासुद्धा चालवता येणार नाही. सगळे माल घेऊन उभे. गिऱ्हाईक एक नाही.”

आणि मग त्यांनी कुकरची कविता टाकली. ‘घाईने झाकण उघडू नका / आतली वाफ / आपोआप जाऊ द्या / वाट पाहा / जोर लावू नका / आवाज थांबेपर्यंत / दूर उभे राहा.’ गट वेडा झाला. कुणाला तीत स्त्रीच्या दडपलेल्या भावना दिसल्या, कुणाला अध्यात्म. मी ‘अप्रतिम! निःशब्द केलंत’ चिकटवलं. दोन दिवसांनी गोविंदरावांनी गटाला कळवलं की ही कुकरसोबत मिळणारी सूचनापत्रिका आहे, आपण फक्त ओळी तोडल्या. दुपारी ते दुकानात आले, शेल्फवरून एक खोका काढला आणि आतली पत्रिका माझ्यासमोर धरली. त्या कुकरचा हैदराबादेतला घाऊक विक्रेता मी. ते पत्रक मी रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होतो.

मला हसू आलं, गटाला नाही आलं. ‘आम्ही साधी माणसं, मनाच्या समाधानासाठी लिहितो, आमचा अपमान केला,’ अशी पत्रं सुरू झाली. स्वतःची कविता कुणी वाचत नाही याचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं. ते उघड झालं याचा मात्र सगळ्यांना संताप आला. सोलापूरच्या बाईही गप्प राहिल्या. मी गोविंदरावांच्या बाजूने एक धगधगती कविता लिहायला घेतली. त्यांनी दोन्ही हात जोडले. “पाटील, माझ्यावर उपकार करा. माझी बाजू गद्यात घ्या.” मी गद्यात घेतली, कुणी वाचली नाही, आणि गोविंदरावांचं नाव गटातून काढण्यात आलं. हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. शेखरशी फोनवर बोलताना म्हणायचे, “माझे दोस्त आहेत ना नेटवर, खूप चांगले लोक आहेत.” म्हणून तर त्या पोराने वडील गेल्यावर पहिला मेल त्या गटाला पाठवला.

शेखरचा मेल म्हणजे कविता नव्हे, हे गटाला मीच त्या रविवारी रात्री कळवलं. वाटलं, लाजेने दोन दिवस तरी शांतता पसरेल. सकाळी उठून बघतो तर श्रद्धांजलीपर कवितांचा ढीग. ‘मार्गदर्शक हरपला.’ ‘वटवृक्ष उन्मळला.’ ज्यांनी त्यांना हाकललं त्यांचेच ते आधारस्तंभ झाले होते. आणि किळस आणणारा भाग पुढेच आहे… त्या कवितांखाली पुन्हा दाद. ‘वा! डोळ्यांत पाणी आणलंत.’ ‘गोविंदरावांच्या निमित्ताने एक सुंदर रचना मिळाली.’ निमित्ताने! माणूस मेला तो यांना विषय मिळावा म्हणून. मी संतापलो, आणि त्या संतापाच्या भरात स्वतःही एक कविता टाकली. तिला सगळ्यात जास्त दाद मिळाली. दोघातिघांनी अभिनंदनही केलं. खोटं कशाला सांगू, पहिल्या अभिनंदनाला मला बरं वाटलं. दुसऱ्याला मी कॉम्प्युटर बंद केला.

चौदाव्यानंतर मी त्या सगळ्या कविता खालिदभाईंकडे छापून घेतल्या आणि काचीगुड्याला गेलो. कागदांची चळत बघून खालिदभाई म्हणाले होते, “इत्ते लोगां साब को जानते थे? यहाँ तो अकेलेच बैठते थे.” वहिनी जमिनीवर बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. अंबरपेठबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. “वाचा,” म्हणाल्या. मी वाचत गेलो. तारा निखळला, दीप मालवला, पोकळी निर्माण झाली. प्रत्येक कवितेनंतर वहिनी पान खुडून टोपलीत टाकायच्या आणि पुढच्या कवितेची वाट बघायच्या. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, “भावजी, हे सगळं चांगलंच लिहायलेत. पण यात हे कुठं आहेत?”

मी घाईघाईने कागद उलटसुलट केले. चष्मा कपाळावर चढवलेला माणूस कुठेच नव्हता, एका बोटाने टाइप करणारा नव्हता. माझ्या कवितेत तर ‘नभातील ध्रुव’ होता. ती मी वाचलीच नाही, चळतीच्या तळाशी सारली. पंखा गरगरत होता. मग जे गोविंदरावांना विचारून विचारून थकलो होतो ते मी वहिनींना विचारलं. “वहिनी, घरी कधी… माझी एखादी ओळ म्हणायचे का हो ते?”

“हौ, म्हणायचे ना.”

मी कागद खाली ठेवले. “कुठली?”

“एक असली तर सांगू. तुमच्या दुकानातून आले की हातपाय धुवायच्या आधी सुरू व्हायचं. ‘इत्ता ठोक को नक्को देखो साब, भगोना है, तबला नहीं.’ परत म्हणायचे, परत हसायचे. ‘बाई, या कढईत तुमच्या सुनेची सून भजी तळेल.’ आज पाटील गिऱ्हाइकाला असं बोलले, म्हणून मला स्वयंपाकघरात येऊन ऐकवायचे.”

“ते नव्हे हो वहिनी. ते बाजारातलं बोलणं. कवितेतली ओळ.”

“कवितेतली?” वहिनी थोडा वेळ खरोखर आठवत बसल्या. “नाही बा. कवितेचं म्हणायचे, इतका चांगला बोलणारा माणूस, लिहायला बसला की तोंडात कुणाची जीभ घालून घेतो कुणास ठाऊक.” मग त्यांनी टोपली पुढे सरकवली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. “भावजी, तुम्ही आपली भांडीच विका.”